शेवटच्या घराचं पाणी

आमच्या बेटावर पाणी मागायची पद्धत नाही. तहानलेल्याने पेला मागितला तर कोणी नाही म्हणत नाही, पण नळाला पाच मिनिटं जास्त सोडा, असं पाणी सोडणाऱ्या चावीबाईला म्हणायचं नाही. हा नियम तिनेच घातला. कामाला लागली त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात दोन जावा तिच्या दारात एकमेकींच्या झिंज्या धरून भांडल्या. चावीबाईने दोघींना बसवलं, प्यायला पाणी दिलं आणि सांगितलं, की आजपासून जो मागेल त्याच्या आळीला दोन मिनिटं कमी. म्हणजे मागणाऱ्याची अख्ख्या आळीने खरडपट्टी काढायची सोय झाली. तेव्हापासून कोणी मागत नाही. ती आपली आपण बघते आणि देते.

बघते म्हणजे कपड्यांच्या दोऱ्या बघते. पाण्याची टाकी टेकडीच्या माथ्यावर, आणि तिथून पायऱ्या उतरताना वरच्या आणि खालच्या, दोन्ही आळ्यांची परसं उघड्यावर पडलेली दिसतात. एखाद्या दोरीवर दुपटी लागली की त्या आळीला तीन मिनिटं जास्त. अनोळखी मापाच्या दोन पँटी दिसल्या की पाहुणे आलेत, पाच मिनिटं जास्त. शाळेच्या मास्तरांचा एकच सदरा ओळीने चार दिवस दिसला, तेव्हा त्यांची बायको रागावून माहेरी गेल्याचं तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ते तिने कोणाला सांगितलं नाही. मास्तरांना मात्र सांगितलं, की सदरा उलटा करून वाळत घाला, रंग टिकतो. आणि तीन-चार दिवस एखादी दोरी रिकामी दिसली तर ती वाट वाकडी करून त्या दाराशी जाते आणि आत डोकावून विचारते, काय गं, बरं आहे ना सगळं?

तिच्या खांद्यावर लोखंडी चावी असते. कमरेएवढ्या उंचीची, वर आडवी मूठ, खाली चौकोनी भोक. टाकीच्या पायथ्याशी सिमेंटच्या खड्ड्यात दोन व्हॉल्व्ह आहेत, एकेका आळीचा एकेक. त्यावर ती चावी बसवायची आणि हळूहळू फिरवायची. पाणी सुटलं की चावीबाई चावीचं टोक पाइपावर टेकवते आणि मुठीला कान लावून बसते. आत पाणी कसं चाललंय, हवा अडकली आहे का, कुठे गळतंय का, ते तिला त्या लोखंडातून ऐकू येतं. नवीन माणसाला वाटतं, बाई चावीवर डोकं टेकून झोपली.

हे काम मूळ तिच्या नवऱ्याचं. त्याच्या छातीत दम भरायला लागला तेव्हा चारच दिवस म्हणून ती चावी घेऊन टेकडी चढली. त्याला आता तेवीस वर्षं झाली. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या पाणी कार्यालयाला पाच वर्षांनी पत्ता लागला, की आपला माणूस केव्हाच गेला आणि पाणी बाई सोडते आहे. साहेब लाँचमधून स्वतः आले. बाईमाणसाला हे जमेल का, म्हणाले. चावीबाई म्हणाली, "पाच वर्षं जमत नव्हतं, हे तुम्हाला कधी कळलं?" साहेब पाणी पिऊन परत गेले.

अशी ही चावीबाई. गेल्या उन्हाळ्यात मात्र ती एकदा चुकली. खरं तर ती चुकली नाही, आम्ही चुकलो. पण दोन दिवस तिने ती चूक स्वतःच्याच अंगावर ओढून घेतली होती.

खालच्या आळीत चाळीस घरं आहेत. सगळ्यात शेवटचं, बंदराला लागून असलेलं घर सुताराचं. तो होड्या दुरुस्त करतो. त्याचा म्हातारा बाप चाळीस वर्षं आमच्या लाँचचा तांडेल होता. धुक्यातसुद्धा नुसत्या पाण्याच्या रंगावरून लाँच धक्क्याला लावायचा. त्या उन्हाळ्यात त्याने अंथरूण धरलं. कंबरेखालचं काही त्याच्या ताब्यात राहिलं नाही. सगळं करायची ती सुतारीण, त्याची धाकटी सून. सुताराचा थोरला भाऊ पलीकडे शहरात राहतो. तो येऊन बघून गेला आणि म्हणाला, की हे तुझ्याच्याने होणार नाही, मी बाबांना तिकडच्या आजाऱ्यांच्या निवासात ठेवतो. माणूस वाईट नव्हता. त्याने महिन्याची मुदत दिली. महिन्याने येईन, बाबा स्वच्छ असतील, जखमा नसतील, तर राहू देत, नाहीतर घेऊन जाईन. म्हातारा नुसता खिडकीकडे तोंड करून पडला. त्या खिडकीतून धक्का दिसतो.

सुतारीण हट्टी बाई. माहेरची गरिबी, सासरी कोणापुढे वाकायचं नाही असं बांधून आलेली. म्हाताऱ्याच्या अंगाखालच्या आणि अंगावरच्या चादरी दिवसातून चार-पाच वेळा बदलायला लागत. त्या ती मागच्या दारी, भिंतीच्या आड धुवायची आणि भिंतीच्या आडच वाळत घालायची. पण टेकडीवरून भिंतीच्या आडचंही दिसतं. चावीबाईने चादरी मोजल्या. एकाच दिवशी नऊ. ती मिनिटं वाढवत गेली, पण शेवटच्या घराचं दुखणं मिनिटांचं नव्हतं. आधीच्या एकोणचाळीस नळांनी ओढून घेतल्यावर तिथे करंगळीएवढी धार पोचायची.

सोमवारी पाव घ्यायला गेली असताना चावीबाई पाववालीला एवढंच म्हणाली, की शेवटच्या घरी पाणी पोचत नाही गं. मागितलं नाही, सुचवलं नाही. बोलली आणि पाव घेऊन निघाली.

आता आमच्या लोकांचा स्वभाव सांगायला हवा. कोणाचं काही करायचं तर न बोलता करायचं, असं आमच्याकडे आहे. कोणाच्या दारात मासे ठेवले तर टोपली ओळखीची नको म्हणून शेजाऱ्याची टोपली मागून आणतात. पाववालीने मनाशी ठरवलं, की पाणी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं आपला नळ बंद ठेवायचा. तिने हे कोणाला सांगितलं नाही. चावीबाईचं वाक्य मात्र पाव घ्यायला येईल त्याला सांगितलं. मंगळवारी दहा-बारा नळ बंद राहिले. शेवटच्या घरी धार वाढली. चावीबाईने मुठीला कान लावला, पाणी लांबवर पोचल्याचं ऐकलं आणि खूश झाली. कारण तिला कळलं नाही. बुधवारपर्यंत ते वाक्य आळीभर फिरलं होतं.

बुधवारी सकाळी सात वाजता तिने खालच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडला. नेहमीसारखा, हळूहळू. कान लावला तर आत वेगळाच आवाज. पाणी वाहत नव्हतं, दाटून उभं होतं. तिला वाटलं हवा अडकली. हवा कुठे आहे ते बघायला ती पायऱ्या उतरली. अर्ध्या वाटेवर, शाळेच्या मागे, लाइनीचा जुना जोड आहे. तीस वर्षांचा. रबराची पट्टी आणि तारेने तिने स्वतः तो आवळून ठेवलेला. चाळीस नळ उघडे असताना त्याने कधी कुरकुर केली नव्हती. त्या दिवशी पाण्याला जायला वाटच नव्हती. ती तिथे पोचायच्या आधीच जोड फुटला.

मास्तर म्हणतात, आधी त्यांना वाटलं शाळेची भिंत पडली. पुरुषभर उंचीचा फवारा उडाला. अठ्ठावन्न वर्षांची बाई, दुखऱ्या गुडघ्यांनी, उतरलेल्या सगळ्या पायऱ्या पुन्हा चढली आणि व्हॉल्व्ह बंद केला. तोवर टाकी निम्मी झाली होती. उन्हाळ्यात विहिरीला दिवसाकाठी तासभर पंप चालेल एवढंच पाणी येतं. निम्मी टाकी भरायची म्हणजे तीन आठवडे.

ती खाली आली तेव्हा सगळी आळी चिखलात उभी होती. चावीबाई ओल्या पायरीवर बसली. म्हणाली, की मी झटक्यात उघडला असेल. माझा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. कार्यालयाला कळवते, दुसरा माणूस द्या म्हणून.

मग पाववाली पुढे झाली. आपला नळ बंद होता, एवढंच ती म्हणाली. तिच्या मागून मास्तरांची बायको म्हणाली, माझाही. मग एकेक करत सगळेच. प्रत्येकाला आजवर वाटत होतं, की आपण एकट्यानेच हा मोठेपणा केलाय; आता शेजाऱ्यानेही तोच केलेला कळल्यावर एकेकाचं तोंड बघण्यासारखं झालं. आमचाही बंद होता. चाळीसातले सदतीस बंद निघाले. राहिले तीन: एक शेवटचं घर, एक कुलूप लागलेलं, आणि एक शिंप्याचं. शिंप्याचं आणि त्याच्या शेजारणीचं बोलणं बंद असल्याने त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्याला त्याचाच राग आला. मला या आळीत कोणी माणसातच धरत नाही, म्हणाला.

चावीबाईने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. ती कधी ओरडत नाही, तेव्हाही ओरडली नाही. "एक नळ बंद ठेवला असता तर उपकार झाले असते," म्हणाली. "सदतीस जणांनी मिळून माझी लाइन फोडलीत."

पण कार्यालयाला कळवायची भाषा तिने सोडली नाही. नळ कितीही बंद असोत, वेगळा आवाज ऐकल्याबरोबर व्हॉल्व्ह बंद करायला हवा होता, मी उतरायला निघाले ती चूक, असं तिचं म्हणणं.

नवा जोड पलीकडून यायचा, शुक्रवारच्या लाँचने. तोवर खालची आळी कोरडी. वरच्या आळीची लाइन वेगळी, ती चालू होती. तिथून बादल्यांनी पाणी न्यायचं ठरलं, माणशी दोन बादल्या. बाकीच्यांचं भागणार होतं. सुतारणीचं दोन बादल्यांत काय होणार? आणि शुक्रवारच्या त्याच लाँचने थोरला दीर येणार होता. महिना त्याच दिवशी भरत होता.

बुधवारी दुपारी चावीबाई शेवटच्या घरी गेली. जे झालं ते पुढे सुतारणीनेच सांगितलं, म्हणून कळलं. परसात सहा चादरी भिजत पडल्या होत्या, पाणी काळं झालं होतं, आणि घरात तो वास होता. सुतारीण दारातच आडवी उभी राहिली. सगळं ठीक आहे, म्हणाली. चावीबाई तिच्या बगलेखालून परसात गेली आणि दोन चादरी पिळून काखेत मारल्या. सुतारणीने दुसरं टोक धरलं.

"सोडा चावीबाई. ही धुणी दुसऱ्याने धुवायची नसतात."

"तू सोड आधी, फाटेल."

"लोक काय म्हणतील?"

"अगं, तेवीस वर्षं मी सगळ्यांच्या दोऱ्या बघते. कोणाच्या घरात काय धुतात ते मला ठाऊक आहे. तुझ्या चादरीत काही नवल नाही."

सुतारीण सोडेना. तेव्हा चावीबाई ते बोलली, जे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. "माझ्या नवऱ्याच्या चादरी मी दोन वर्षं धुतल्या. उजाडायच्या आत वाळत घालायचे, कोणी बघू नये म्हणून. कोणी बघितलं नाही. आणि कोणी आलंही नाही. येतील कसे? त्यांना दिसू दिलंच नाही मी."

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला. त्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, की पोरी, देऊन टाक. नाहीतर मला तरी देऊन टाक.

सुतारणीने टोक सोडलं.

चावीबाई पाच चादरी घेऊन वरच्या आळीत गेली. सहावी तिने स्वतःकडे ठेवली. एका दारात एक. कोणाची ते सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. धुवा, दोरीवर वाळवा, घडी करून माझ्या पायरीवर ठेवा, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सात चादरी. वरच्या आळीतल्या बायका नाकं मुरडणाऱ्या नाहीत असं नाही. एक म्हणाली, मी सासूचंसुद्धा एवढं केलं नाही. चावीबाई म्हणाली, "म्हणून तर तुझ्याकडे आणली." ती बाई हसली आणि चादर घेतली.

गुरुवारी संध्याकाळी चावीबाईने घड्यांचं गाठोडं शेवटच्या घरी पोचवलं. सुतारणीने उलगडून मोजल्या. गेल्या होत्या तेरा, आल्या सोळा. जास्तीच्या तीन तिच्या नव्हत्याच. एक फुलाफुलांची होती, अजून दुकानाची घडी न मोडलेली. ही कोणाची, विचारलं तर चावीबाई म्हणाली, मला काय माहीत, मी पाण्याचं बघते.

शुक्रवारी अकराच्या लाँचने नवा जोड आला आणि थोरला भाऊ आला. त्याच्यासोबत चाकांची खुर्ची होती, घडी केलेली. बापाला धक्क्यापर्यंत न्यायला. धक्क्यावरच्या सगळ्यांनी ती पाहिली.

शाळेमागे खड्ड्यात चावीबाई आणि सुतार पाइप साफ करत होते. भाऊ शाळेमागे आहे असं कळल्यावर थोरला आधी तिकडे आला, तर तिने हाक मारली. जरा धर रे, तुझ्या भावाला एकट्याने उचलत नाही. इस्त्रीची पँट घातलेला माणूस. लहानपणी याच बाईने त्याच्या डोक्यावर बादली ओतून आंघोळी घातलेल्या, नाही कसं म्हणणार? खुर्ची पायरीवर टेकवून तो खड्ड्यात उतरला. दोघे भाऊ पाइपाची दोन टोकं धरून समोरासमोर उभे राहिले, आणि चावीबाई मध्ये बसून बोल्ट आवळू लागली. म्हाताऱ्याला न्यायची गोष्ट निघाल्यापासून दोघं एकमेकांशी धड बोलले नव्हते. तिने बोल्टाला घाई केली नाही.

दुसरा बोल्ट आवळत आला तेव्हा थोरला म्हणाला, "काकू, खरं सांगा. लाइन फुटली म्हणे, टाकी निम्मी आहे म्हणे. बाबांना पुरेल एवढं पाणी आहे का?"

सुताराने मान खाली घातली. चावीबाई म्हणाली, "नाही."

"मग?"

"पाणी पुरणार नाही. दोन दिवस अजिबात नव्हतं. तरी तू घरी जाऊन बघ. चादर उचलून बघ, पाठ बघ. मग काय ते ठरव. तो पाना दे इकडे."

जोड बसला. थोरला हात न धुताच घरी गेला, धुवायला पाणी नव्हतं. त्याने चादर उचलून पाहिली. म्हाताऱ्याला कुशीवर वळवून पाठ पाहिली. मग तो त्या फुलाफुलांच्या चादरीच्या कडेवर बसला. सुतारीण दाराला टेकून उभी होती. ना घरात ठेवा म्हणाली, ना न्या म्हणाली. आळीतल्या चौघीजणी कपडे नसलेल्या दोऱ्यांशी उगीच चाळा करत उभ्या होत्या. मीही त्यांत होते, हे कबूल करायला हरकत नाही.

शेवटी म्हाताराच म्हणाला, "ती चाकांची खुर्ची कोणासाठी आणलीस?"

थोरल्याने खुर्चीची घडी उलगडली. मग म्हणाला, "तुम्हाला बाहेर बसायला."

तिकडे चावीबाई घरोघर हिंडत होती. पाणी सोडायच्या आधी प्रत्येक दारात तिने एकच गोष्ट बजावली, नळ उघडा ठेवायचा. पाववालीला तर बोट रोखून म्हणाली, "पुढे कधी चांगुलपणा करायचा झाला तर आधी मला सांगायचं." शिंप्याला मुद्दाम जाऊन सांगितलं, सगळ्यांच्या आधी. तो इतका खूश झाला, की त्याने नळाखाली दोन बादल्या एकावर एक ठेवल्या. मास्तरांनी भीत भीत विचारलं, की कार्यालयाला कळवायचं काय झालं. ती म्हणाली, कळवलं, जोड जुना झाला होता म्हणून.

सव्वातीनला तिने व्हॉल्व्ह उघडला. एक फेरा, थांबली, कान लावला, मग दुसरा. नवा जोड टिकला. खालच्या आळीला त्या दिवशी तिने पंधरा मिनिटं दिली, त्याहून जास्त देण्यासारखं टाकीत नव्हतं.

चार वाजता लाँच सुटायची. थोरला धक्क्यावर आला तेव्हा त्याच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात बोचकं. चार चादरी, सकाळपासूनच्या. सुतारणीने स्वतः बांधून दिल्या होत्या. त्याने मागितल्या तेव्हा ती लाजली, पण देताना गाठ घट्ट मारली आणि बजावलं, भाऊजी, गरम पाण्यात टाकू नका, डाग बसतो. मंगळवारच्या लाँचने परत पाठवा. लाँचवाल्याने नाकाला रुमाल लावून विचारलं, यात काय आहे? थोरला म्हणाला, वडिलोपार्जित आहे. आणि बोचकं पायांत घेऊन बसला.

सुताराने म्हाताऱ्याला खुर्चीतून धक्क्यापर्यंत आणलं होतं. दोन महिन्यांनी तो उन्हात आला होता. मुलाने हात हलवला, त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. लाँच वळताना तो पुढे वाकून बघत होता, आणि नव्या तांडेलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, फार बाहेरून घेतोय, फार बाहेरून.